मराठवाड्यातली शहरं कोणाच्या पैशानं वाढतात, आणि तो पैसा आटला की मागे काय उरतं?

खामकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माझं काम नकाशे काढायचं. ले-आऊट, बिल्डिंग प्लॅन, मोजणीच्या शीटवर आखणी, असं सगळं. राहतो छत्रपती संभाजीनगरात. आपल्याकडं शहराच्या नियोजनावर बोलणं निघालं की गाडी लगेच खड्डे, कचरा आणि नगरसेवकांवर येते. त्यावर बोलायलाच हवं, पण मला या धाग्यात एक पायरी मागं जायचंय. आपलं शहर ज्या आकारात पसरलं, तो आकार दिला कोणी? माझं मत असं झालंय की बाहेरून पैसा येतो तेव्हा त्याच्यासाठी आराखडा आधी तयार असतो. त्या पैशामागं जी माणसं येतात, त्यांच्यासाठी आराखडा वीस-पंचवीस वर्षांनी येतो, आणि तोही झालेलं नियमित करून घ्यायला.

जरा क्रमानं सांगतो. १९६१ साली हे शहर लाखाच्या आतलं होतं. १९९१ ला पावणेसहा लाख, २००१ ला पावणेनऊ लाख, २०११ ला पावणेबारा लाख. वाढीची सुरुवात जागतिकीकरणानं केली असं म्हणणं चुकीचं ठरेल. रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, मग वाळूज, या एमआयडीसी (सरकारी औद्योगिक वसाहती) सरकारी धोरणातून आल्या. मुंबई-पुण्यावरचा भार कमी करायचा, मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सवलती द्यायच्या, असं ते धोरण होतं. १९८५ ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग पुरवणारे शेकडो वेंडर उभे राहिले. तेव्हा सिडको हे सरकारी महामंडळ घरं बांधत होतं, छोट्या पगाराच्या माणसालाही एन-६, एन-७ या सिडकोच्या वसाहतींत घर मिळत होतं. सरकार कारखानाही आणत होतं आणि घराचाही विचार करत होतं. कमी पडलं असेल, पण दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या.

१९९१ ला देशाकडं जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं, ४७ टन सोनं परदेशात गहाण पाठवावं लागलं, आणि २४ जुलैला नवं औद्योगिक धोरण आलं. परवाने गेले. पुढं गुंतवणूक कुठं जाणार हे दिल्लीच्या परवान्यानं ठरेनासं झालं. राज्याराज्यांत चढाओढ लागली, कोण स्वस्त जमीन देतो, कोण रस्ता-वीज आधी देतो. २००१ ला शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या बनायला लागल्या. पुढं दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉर आला आणि त्यातून शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचं ऑरिक हे नवं औद्योगिक शहर.

आता मधला एक प्रसंग बघा. सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली. जगभर गाड्यांची मागणी पडली, वाळूजमध्ये पाळ्या कमी झाल्या, कंत्राटी पोरांना ब्रेक मिळाला. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना पैसा देते तो) ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाचवर आणला, केंद्रानं अबकारी कर कमी केला, स्टेट बँकेनं पहिल्या वर्षाला ८ टक्क्यांनी गृहकर्ज द्यायला सुरुवात केली. कारखान्यात काम कमी आणि बाजारात पैसा स्वस्त. हा स्वस्त पैसा आपल्याकडं मशिनीत कमी आणि जमिनीत जास्त गेला. शहराच्या कडेला बीड बायपास, सातारा, देवळाई, पडेगाव, हर्सूल, सगळीकडं प्लॉटिंग. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरात एका दिवसात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, ६५ कोटींच्या. देशभर बातम्या झाल्या, 'छोट्या शहरांची ताकद' म्हणून कौतुक झालं. मला त्या गाड्यांचं वाईट वाटत नाही, ज्यांनी घेतल्या त्यांनी कमावून घेतल्या. पण त्याच वर्षी त्याच शहरात नळाला रोज पाणी नव्हतं, आणि मंदीत कामावरून निघालेला माणूस शंभराच्या बाँडवर अर्ध्या गुंठ्याचा प्लॉट घेत होता, कारण रीतसर बिगरशेती (एनए) केलेला प्लॉट त्याच्या हाताबाहेर गेला होता.

मागच्या महिन्यात कामानिमित्त वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीत होतो. एका गल्लीत तीन मजली घर, प्रत्येक मजल्यावर दोन्ही बाजूंनी दहा बाय दहाच्या खोल्या, मधे जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ. जिन्याखाली विजेच्या मीटरची रांग, प्रत्येकावर खडूनं खोली नंबर. दारासमोर निळे ड्रम, झाकणाला साखळी आणि कुलूप, कारण टँकरचं पाणी विकतचं असतं. तिथून ऑरिकमध्ये गेलो. रुंद सिमेंट रस्ते, जमिनीखाली केबल आणि पाइपांसाठी डक्ट, दिवे, चोवीस तास पाण्याची सोय. आणि मधले कितीतरी प्लॉट रिकामे.

हे दोन्ही एकाच पैशानं बनवलेलं शहर आहे. एकाला नकाशा मिळाला, दुसऱ्याला नाही. तुमच्या गावात काय दिसतं ते लिहा. विरोधी मतही हवं आहे.

---

शेंद्र्याचा

भाऊ, चांगला विषय काढला. आमची जमीन एमआयडीसीत गेली, त्याचं सांगतो.

मोबदला आला तेव्हा गावात रोज एक नवी गाडी यायची. पेपरवाल्यांनी तेवढंच लिहिलं. पण घरात काय झालं ते कोणी लिहिलं नाही. सातबाऱ्यावर आज्याचं नाव, खाली चार चुलते, त्यांच्या बहिणी. आधी हक्कसोडीच्या सह्या, मग त्यावरून भांडणं, मग कोर्ट. आमच्या आत्याचं आन् वडिलांचं बोलणं तिथं बंद झालं ते आजवर बंद आहे.

पैशातून जमीन घ्यायची म्हणून वडील फिरले. आजूबाजूला भाव असा वाढला होता की पाच एकर देऊन आलेल्या पैशात दीड एकर बी येईना. ज्या प्रकल्पानं पैसा दिला त्याच प्रकल्पानं भाव वाढवला ना. मग फुलंब्री तालुक्यात लांब कोरडवाहू घेतली, तिथं आम्ही जायनात, बटईनं देली. बाकी पैसा घर, लग्न, आन् एका पतसंस्थेत ठेवला. जास्त व्याज द्यायलेत म्हणून. ती पतसंस्था बुडाली.

आता मी कंपनीत कंत्राटी आहे, आमच्याच जुन्या शिवारात. गेटवर पास दाखवावा लागतो. कारखाना येऊ नये असं मी म्हणणार नाही, मला काम तिथंच मिळालं. पण जमिनीच्या बदल्यात जमिनीचाच काही हिस्सा, विकसित करून, वेळेवर आन् रस्त्याला लागून दिला असता, तर आम्ही बी तिथं खोल्या, दुकानं काढली असती. एकरकमी पैसा शेतकऱ्याच्या हातात टिकत नाही, कारण पैसा कसा ठेवायचा हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

---

प्रश्नकर्ता

धागाकर्त्यांचा आदर राखून असहमत.

मराठवाड्याचा खरा प्रश्न जागतिकीकरण जास्त झालं हा नाही, कमी झालं हा आहे. १९८४ च्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीपर्यंत विकासाचा अनुशेष मोजणं चाललंय. आठ जिल्ह्यांपैकी खरा उद्योग संभाजीनगर आणि थोडाफार जालन्यात. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवच्या पोरांना विचारा, त्यांना कोणी परदेशी कंपनी आली तर नको आहे का? ते आज पुण्यात भोसरी-चाकणला दहा बाय दहाच्या खोलीतच राहतात. तीच खोली रांजणगावात असेल तर निदान शनिवारी घरी जाता येतं.

दुसरं, जे बिघडलंय ते लेहमननं बिघडवलेलं नाही. शहराचा सुधारित विकास आराखडा २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केला, तो काय वॉल स्ट्रीटमुळं? जमिनींवरची आराखड्यातली आरक्षणं उठवली कोणी, कोणाच्या जागेवर टाकली, हे सगळं स्थानिक आहे. आपल्या नाकर्तेपणाची जबाबदारी जगावर टाकून मोकळं होऊ नये.

ऑरिकचे प्लॉट रिकामे म्हणता, तर तिथं आता मोठ्या इलेक्ट्रिक वाहन कंपन्यांनी जमिनी घेतल्यात. औद्योगिक शहर पाच वर्षांत भरत नसतं. वाळूज तरी कुठं पाच वर्षांत भरली होती?

---

खामकाठ

प्रश्नकर्ता, आराखड्याबद्दल तुमचं बरोबर आहे, स्थानिक हितसंबंध मी वगळले नव्हते, तपशिलात गेलो नव्हतो. पण ती आरक्षणं उठवण्याइतकी किंमत त्या जमिनींना आली कुठून? १९९५ साली सातारा परिसरातल्या माळरानाचं आरक्षण उठवायला कोणी कोर्टापर्यंत गेलं नसतं. स्वस्त कर्ज आणि कॉरिडॉरची चाहूल यांनी जमिनीला भाव आला, आणि भाव आला म्हणून आराखड्यावर दबाव आला. तुम्ही म्हणता ते स्थानिक आणि मी म्हणतो ते जागतिक, ही दोन वेगळी कारणं नाहीत.

---

निवृत्त_नगररचना

मी नगररचना खात्यात नोकरी केली. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो, कारण यंत्रणा कशी चालते हे कळल्याशिवाय ही चर्चा हवेत राहील.

महाराष्ट्रात नियोजन चालतं १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानं. विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी. पण एमआयडीसीच्या हद्दीत एमआयडीसीच नियोजन प्राधिकरण असतं. सिडको ज्या भागात नेमली तिथं सिडको. ऑरिकची स्वतंत्र कंपनी. पालिकेच्या हद्दीत महापालिका. उरलेल्या तीनशेहून अधिक गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आणि या सगळ्यांच्या मधल्या फटीत ग्रामपंचायती. रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, कमळापूर ही सगळी वाळूजची खरी वस्ती. माणसं शहराएवढी आणि कारभार ग्रामसेवकाच्या टेबलावर.

हे आपोआप झालेलं नाही. गुंतवणूकदाराला एक खिडकी हवी असते. त्याला महापालिकेच्या सभागृहात, ग्रामसभेत जायचं नसतं. म्हणून जिथं भांडवल येणार तेवढ्या तुकड्याचं प्राधिकरण वेगळं काढलं जातं. तुकडा नीटनेटका होतो, हे मान्यच करायला हवं, मी स्वतः ते काम कौतुकानं पाहिलंय. पण त्याच्या कुंपणाबाहेर कामगार कुठं राहणार याचं उत्तर त्या प्राधिकरणानं द्यायचं नसतं. ऑरिकच्या आराखड्यात निवासी आणि इतर वापराला जागा ठेवली आहे, ही चांगली सुधारणा. पण ती घरं बाजारभावानं विकली जाणार असतील, तर बारा-पंधरा हजार हातात येणारा कंत्राटी माणूस त्यात दिसणार नाही.

आता महापालिकेच्या पैशाचं. पूर्वी जकात होती. पद्धत वाईट होती, नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, पण पैसा शहरात माल आला की शहराच्याच तिजोरीत पडायचा. मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तो गेला, २०१७ ला जीएसटी आला. आता वरून भरपाईचा हप्ता येतो. स्वतःचं म्हणून मालमत्ता कर आणि पाणीपट्टी, आणि पाणीच आठवड्यातून एकदा देता म्हणून लोक पाणीपट्टी भरायला नाराज. कारखाने बहुतांश हद्दीबाहेर. म्हणजे उद्योगामुळं येणारी माणसं, वाहनं, कचरा शहराकडं, आणि कर दुसरीकडं. अशी पालिका मोठ्या कामासाठी बाहेरचा पैसा शोधते.

पाण्याचं उदाहरण घ्या. जायकवाडी १९७६ ला पूर्ण झालं, शहरापासून ५०-५५ किलोमीटरवर. तिथून ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्या. समांतर वाहिनी खासगी भागीदारीतून करायचं ठरलं. त्या काळात सगळीकडं तेच वारं होतं, पैसा कंपनीनं उभारायचा आणि पाणीपट्टीतून वसूल करायचा. ते काम अडत गेलं, पालिकेनं २०१६ ला करार रद्द केला. मग सरकारी पैशातून १,६८० कोटींची योजना आली, डिसेंबर २०२० ला भूमिपूजन झालं, २,५०० मिलिमीटरची वाहिनी. पुढं तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. त्या मधल्या काळात लोखंडाचे भाव कुठल्या कुठं गेले, कोविडनंतर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर. लोखंडी पाइप हाच ज्या योजनेचा जीव, तिला हे भाव झेपणं अवघडच होतं. वाढीव खर्चात पालिकेचा वाटा कुठून आणायचा, यावर पुन्हा वर्षं गेली.

प्रश्नकर्ता यांना एवढंच म्हणेन, नाकर्तेपणा आहेच. पण ज्या पालिकेच्या हातात स्वतःचा कर उरलेला नाही, तिला कर्तेपणा दाखवायला जागाही कमीच असते.

---

जालना_रोलिंग

आमच्या गावात सळईचे कारखाने. भंगार लोखंड वितळवायचं आणि सळई ओढायची. भंगाराचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, विजेचा दर मुंबईत ठरतो, आणि सळई घेणारा बिल्डर गृहकर्जाचा दर बघून घेतो. तिन्ही गोष्टी बाहेर. भट्टी एक पाळी चालली की दोन, यावर जालन्यातल्या हॉटेलांचा धंदा चालतो. मोठं संकट कधी आलं हे आम्हाला पेपर वाचून कळत नाही, रात्री एमआयडीसीतल्या धुरावरून कळतं.

एक लिहायलाच हवं. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या स्टील कारखान्यांतले, मध्य प्रदेशचे. टाळेबंदीत काम बंद, भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रुळाच्या बाजूनं चालत निघाले होते आणि थकून रुळावरच झोपले. माझ्या मते त्यादिवशी या धाग्यातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. ज्या शहरात ते कामाला होते तिथं त्यांच्या नावावर एक खोली, एक रेशनकार्ड, ओळखीचा एक वॉर्ड असता, तर ते निघाले नसते.

---

बजाजनगरची_माय

मी खोल्या भाड्यानं देते आणि मेस चालवते. एवढं मोठं लिहायची सवय नाही, तरी लिहिते.

मंदी आली की आधी आम्हाला कळतं. पोरं डबा अर्धा करतात. दोघांत एक डबा. मग एका खोलीत तिघांच्या जागी पाच होतात. मग एक दिवस एखादा म्हणतो, मावशी, गावी जाऊन येतो, सामान राहू द्या. सामान राहतं, पोरगा येत नाही.

२०२३ ला असंच झालं. वेंडरकडची पोरं सांगायची, आफ्रिकेत जायच्या गाड्यांची ऑर्डर कमी झाली. नायजेरियाचा रुपया पडला म्हणे. माझ्या मुलानं मोबाईलवर नकाशात तो देश दाखवला. तिथल्या पैशाचा भाव पडला आणि माझ्या चार खोल्या रिकाम्या झाल्या. कर्ज काढून वरचा मजला बांधला होता, त्याचा हप्ता तर थांबत नाही.

मला लोक घरमालकीण म्हणतात, पण मी बी त्या कंपनीच्याच ऑर्डरवर जगते. धागावाले दादा, तुम्ही बोळ अरुंद म्हणालात ते खरंय. रुंद ठेवला तर दोन खोल्या कमी होतात, मग बँकेचा हप्ता निघत नाही. आम्हाला कोणी नकाशा करून दिलाच नाही. ग्रामपंचायतीत गेलं की म्हणतात सिडकोत जा, सिडकोत गेलं की म्हणतात हे आमच्याकडं येत नाही.

---

खामकाठ

मावशी, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. डबा अर्धा होणं हा निर्देशांक कुठल्याच अहवालात नसतो.

---

गंजगोलाई

लातूरहून लिहितोय. इथं दोन नकाशे सांगण्यासारखे आहेत.

एक गंजगोलाई. १९१७ साली, निजामाच्या राजवटीत, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली. मधे गोल, भोवती बाजार, सोळा रस्ते येऊन मिळणारे. प्रत्येक रस्त्याला वेगळा माल. भुसार, कापड, सोनं, मिरची-मीठ. व्यापार बाहेरचाच होता, पण त्याला शहराच्या मध्यात जागा आखून दिली, आणि शंभर वर्षं ती टिकली. आज सोयाबीनचा भाव त्याच गावात निघतो, मात्र तो शिकागोच्या बाजाराकडं आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्काकडं बघून निघतो.

दुसरा नकाशा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी बसवली. घरं जमीनधारणेप्रमाणं, भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरळ रेषेत रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट. पैसा वेळेवर आला, घरं भूकंपाला टिकतील अशी झाली, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण गाव केवढ्यातरी मोठ्या जागेत पसरलं. जुन्या गावात ओट्यावर बसलं की चार घरं दिसायची, नव्यात म्हातारी माणसं एकमेकांकडं जायला ऊन उतरायची वाट बघायची. लोकांनी पुढं आपल्या हातानं भिंती वाढवल्या, पडव्या काढल्या, रस्त्यात सरकले. गुंठेवारीत, म्हणजे बाँडवर गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटांत, नकाशाच नव्हता. किल्लारीत होता, पण राहणाऱ्याला न विचारता काढलेला. दोन्हीकडं माणसाला तो नंतर मोडावा लागला.

आता रेल्वे डबे कारखान्याचं चाललंय. वंदे भारत गाड्यांच्या कामात रशियन कंपनी भागीदार, आणि काम रेंगाळलं. त्या कारखान्याच्या भरवशावर हरंगुळ बाजूला ज्यांनी प्लॉट घेतले ते अजून वाट बघतायत.

---

तगर

एक लहानशी भर. आपल्याकडं हे नवं नाही. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर (तेव्हाचं तगर) ही दोन्ही नावं आहेत. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून तलम कापड बैलगाड्यांनी भडोचला जायचं, तिथून रोमन जगात. तेरच्या वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू बघायला मिळतात. रोमचा व्यापार आटला, राजसत्ता बदलल्या, आणि तगर हे नगर हळूहळू गाव झालं. पैठण मात्र राहिलं, कारण तिथं व्यापाराखेरीज नदी, तीर्थ, विद्या आणि विणकर होते. एकाच गिऱ्हाइकावर उभं राहिलेलं नगर टिकत नाही, हे आपल्या मातीतलंच उदाहरण आहे.

---

मिशिगनहून

मूळ परभणीचा, सध्या डेट्रॉइटजवळ नोकरीला. वर तगर यांनी लिहिलं त्याचं आजचं रूप मी रोज बघतो. १९५० ला डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०१० ला सात लाखांच्या थोडी वर. गाड्यांचे कारखाने आधी उपनगरांत आणि मग दुसऱ्या राज्यांत, दुसऱ्या देशांत गेले. २००८ च्या संकटानंतर घरं जप्त झाली, कर भरणारे उरले नाहीत, आणि जुलै २०१३ ला महापालिकेनं दिवाळखोरी जाहीर केली. त्यात निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला कात्री लागली. रस्त्यावरचे दिवे कित्येक भागांत बंद होते, नंतर नवे लावले.

निवृत्त_नगररचना यांनी जे लिहिलंय, की कारखाने हद्दीबाहेर आणि बोजा शहरावर, ते वाचून मला धस्स झालं. डेट्रॉइटची सुरुवात तिथूनच झाली होती.

उलट बाजूही सांगतो. स्पेनमध्ये माद्रिदच्या दक्षिणेला सिउदाद रेआलला तेजीत मोठा विमानतळ बांधला, २००८ ला सुरू झाला, २०१२ ला बंद पडला. स्वस्त कर्ज आहे म्हणून बांधलं होतं, तिथं लोकांना हवं आहे का हे कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळं ऑरिक भरतंय की नाही यावर दोन्ही बाजूंनी घाई नको, पण कोणत्या गरजेसाठी काय बांधतोय हे विचारत राहायला हवं.

---

प्रश्नकर्ता

चर्चा चांगली चाललीय. मावशींचा प्रतिसाद वाचून मी माझं एक वाक्य मागं घेतो, भोसरीतली खोली आणि रांजणगावची खोली सारखीच हे मी जरा सहज लिहिलं.

मूळ मुद्द्यावर मात्र ठाम आहे. भांडवल हवंच. आता तक्रार पुरे, करायचं काय ते लिहा. उद्या बिडकीनला हजारो पोरं येणार आहेत. ती राहणार कुठं?

---

खामकाठ

रास्त प्रश्न. मला सुचतं ते लिहितो, निवृत्त सरांनी तपासावं.

बिडकीन, निलजगाव, चितेगाव या पट्ट्यात आजच प्लॉटिंगचे बोर्ड लागलेत. तिथला शेतकरी खोल्या बांधणारच आहे, त्याला अडवून उपयोग नाही. त्याला आत्ताच गल्लीची रुंदी, सांडपाण्याची रेषा आणि खोलीला खिडकी एवढं आखून द्यावं, आणि तसं बांधलं तर परवानगी महिन्यात मिळावी. गुंठेवारीचा कायदा २००१ ला आला, २०२१ ला त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं घेतली. आधी होऊ द्यायचं, मग दंड घेऊन नियमित करायचं, यात पैसा दोनदा जातो आणि गल्ली काही रुंद होत नाही.

दुसरं, एमआयडीसीच्या जमिनीतच कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी वाटा हवा, आणि तो विकता येऊ नये. विकता आला की पुढच्या तेजीत तो जाणार.

तिसरं, उद्योगाकडून येणाऱ्या कराचा ठरलेला हिस्सा ज्या ग्रामपंचायतीत कामगार राहतात तिला मिळावा, फक्त ज्या गावच्या शिवारात कारखाना आहे तिला नव्हे.

---

निवृत्त_नगररचना

पहिला मुद्दा महानगर प्राधिकरणाच्या अधिकारात बसतो, आराखड्याच्या हरकतींत लेखी द्या, ग्रामसभेच्या ठरावासह. नुसत्या व्यक्तीच्या हरकतीपेक्षा ठरावाला सुनावणीत वजन असतं. दुसऱ्याला एमआयडीसीनं धोरण म्हणून स्वीकारायला हवं. तिसऱ्यासाठी कायद्यात बदल लागेल, तो मुंबईत होईल.

---

शेंद्र्याचा

आमच्याकडच्या ग्रामसभेत हा विषय मांडतो. खिडकी आन् गल्लीच्या रुंदीचा मसुदा कोणी सोप्या मराठीत करून द्यावा. सरपंचाला तांत्रिक भाषा समजत नाही म्हणून विषय पुढं ढकलला जातो.

---

बजाजनगरची_माय

दादा, घरं काढाल तेव्हा नुसती पोरांची हॉस्टेलं नका काढू. आता बायाबी कंपनीत कामाला येतात, जोडपी येतात, लेकरं असतात. माझ्याकडं खोली मागायला येणाऱ्यांत निम्मे संसारवाले असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न शाळेचा असतो. मसुद्यात शाळा लिहा, आणि पाण्याचा नळ खोलीत नसला तरी मजल्यावर तरी असावा असं लिहा. तिसऱ्या मजल्यावर हंडे नेऊन गुडघे गेलेत सगळ्यांचे.

---

खामकाठ

लिहितो. शाळा आणि मजल्यावर नळ, दोन्ही. रविवारपर्यंत मसुदा इथंच टाकतो, सरांनी दुरुस्त्या सांगाव्यात. शेंद्र्याचा, तुमच्या ग्रामसभेची तारीख कळवा.